एक लाखात पाच लॅपटॉप: वाचनालयासाठी जुनी यंत्रं आणि लिनक्स

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी तिथे ग्रंथपाल आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँका अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली सकाळी सातपासून येऊन बसतात. त्यांना पुस्तकं देतो, वर्तमानपत्रं देतो. पण अर्ज भरायचा, प्रवेशपत्र काढायचं किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेची पीडीएफ मोठ्या पडद्यावर वाचायची म्हटलं की त्यांना खाली बाजारात जावं लागायचं. तिथे एका अर्जाचे पन्नास ते शंभर रुपये जातात. घरून महिन्याला दोन हजार येणाऱ्या मुलीसाठी ही रक्कम छोटी नाही.

मार्च 2025 मध्ये मुंबईला स्थायिक झालेल्या आमच्या गावकऱ्यांनी मुलांच्या संगणकासाठी म्हणून एक लाख रुपयांची देणगी दिली. या पैशात जुने लॅपटॉप घेऊन त्यांवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली) घालायचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये ते सुरू झाले. मधल्या पाच महिन्यांत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारखी वाचनालयं, अभ्यासिका आणि छोट्या शाळा गावोगाव आहेत आणि हा मार्ग त्यांना परवडणारा आहे.

नवा लॅपटॉप बरा म्हणावा असा घ्यायचा तर पस्तीस हजारांच्या खाली मिळेना, म्हणजे लाखात जेमतेम दोन. त्याहून स्वस्त नवे मिळतात, पण त्यांत कमी ताकदीचा सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि बोर्डावरच डकवलेली साठवण असते. रॅम वाढवता येत नाही, डिस्क बदलता येत नाही. असं यंत्र दोन वर्षांनी कपाटात जातं. याउलट मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जे लॅपटॉप काढून टाकतात, ते मुळात साठ-सत्तर हजारांच्या वरचे असतात. बांधणी मजबूत, कीबोर्ड उत्तम, आणि मागचं झाकण काढलं की सगळे भाग बदलता येतात. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक या त्या तीन मालिका. दुकानात घरगुती मालिकेतला चकचकीत लॅपटॉप त्याच भावात दाखवतात, पण मी त्याकडे पाहिलंच नाही.

दुसरी गोष्ट अशी की विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले चालणारे लॅपटॉप कंपन्यांनी भराभर काढायला सुरुवात केली होती आणि भाव उतरले होते. लिनक्सला ही अट नाही. सातव्या पिढीच्या यंत्रावरही आजचं लिनक्स सगळ्या सुरक्षा अपडेटसह चालतं.

एप्रिलच्या बैठकीत मी विषय मांडला तेव्हा कार्यकारी मंडळाचा पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "देणगीच्या पैशातून जुना माल? लोक काय म्हणतील?" खजिनदार काकांना हिशेब तपासनिसाची काळजी. सचिवांना वाटत होतं की विंडोज नसलेला संगणक म्हणजे मुलांना काहीच करता येणार नाही. ही काळजी रास्त होती, म्हणून वाद न घालता मी पुढच्या बैठकीला पेनड्राइव्ह घेऊन गेले. वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपला ती लावली, त्यावरूनच लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा प्रकार) सुरू केलं (डिस्कवर काहीही न टाकता ते असं चालतं) आणि सचिवांनाच खुर्चीत बसवलं. त्यांनी एमपीएससीचं संकेतस्थळ उघडलं, महाडीबीटीचं उघडलं, एक मराठी पीडीएफ वाचली, लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत साधन) वाचनालयाचं एक पत्र टाइप केलं. केरळातल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं संगणकाचं शिक्षण लिनक्सवरच चालतं, हेही मी सांगितलं. पण खरं काम केलं ते त्या खुर्चीतल्या अर्ध्या तासाने.

मे महिन्यात ठराव झाला. संस्थेसाठी खरेदी करणाऱ्यांनी ठरावाच्या मजकुराकडे नीट लक्ष द्यावं. आमच्या ठरावात "वापरलेले लॅपटॉप" असं स्पष्ट लिहिलं, एक लाखाची मर्यादा लिहिली, किमान तीन दरपत्रकं मागवायची असं लिहिलं, आणि रॅम, बॅटरी, कुलपाची तार असं जोडसामान याच रकमेत धरलं. नुसतं "लॅपटॉप खरेदीस मंजुरी" असं लिहून जुने आणले असते तर पुढे लेखापरीक्षणात प्रश्न निघाला असता. सरकारी अनुदानाच्या पैशाला हात लावायचा नाही, सगळा खर्च देणगीतूनच, हेही त्याच ठरावात आलं.

दरपत्रकं गोळा करण्यात सर्वात जास्त वेळ गेला. जुन्या लॅपटॉपच्या धंद्यात भाव तोंडी चालतात. फोनवर विचारलं की व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, खाली भाव, आणि "लवकर सांगा, लॉट संपेल." लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह, मॉडेल आणि वॉरंटी लिहून द्या म्हटलं की बरेच जण गप्प होतात. मग मी मेलचा एक साधा नमुनाच तयार केला. त्यात रकाने होते: मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, डिस्क, पडद्याचं रेझोल्यूशन, बॅटरीची हमी, बदलून देण्याची मुदत, करासह दर. दुकानदाराने फक्त भरायचं आणि शिक्का मारून फोटो पाठवायचा. यानंतर उत्तरं यायला लागली. या मेलचा आणखी एक फायदा झाला. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागितल्यावर "आय-फाइव्ह आहे मॅडम" एवढ्यावर भागवता येत नाही.

हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे. आय-फाइव्ह ही इंटेलच्या प्रोसेसरची पाटी दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही असते आणि आजच्याही. पुढच्या आकड्यात पिढी कळते: 7200यू म्हणजे सातवी, 8350यू म्हणजे आठवी. आणि नेमका इथे मोठा फरक आहे. या पातळ लॅपटॉपांच्या मालिकेत सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला दोन कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, आठव्या पिढीच्या आय-फाइव्हला चार. एका वर्षाच्या अंतराने यंत्राची ताकद जवळपास दुप्पट झाली. सहावी पिढी मी यादीतून काढून टाकली, कारण यूट्यूब ज्या व्हीपी 9 पद्धतीत व्हिडिओ पाठवतं ती उलगडायची पूर्ण सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये सातव्या पिढीपासून आली. मुलं दिवसभर व्याख्यानं बघणार. जुन्या यंत्रावर तेच काम प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावतो आणि बॅटरी उतरते.

शेवटी दोन पर्याय उरले. डेल लॅटिट्यूड 7480, सातवी पिढी, साधारण साडेतेरा हजार. म्हणजे लाखात सात. किंवा थिंकपॅड टी 480, आठवी पिढी, सतरा ते साडेएकोणीस हजार. म्हणजे लाखात पाच. मंडळात यावर चांगली चर्चा झाली. अभ्यासिकेत चाळीस मुलं, तेव्हा सात यंत्रं बरी असं अण्णांचं म्हणणं. मला पाच हवी होती. चार कोअरची यंत्रं आणखी पाच-सहा वर्षं निभावतील हे एक कारण. दुसरं कारण बॅटरी.

टी 480 ला दोन बॅटऱ्या असतात. एक आत, सुमारे 24 वॉट-तासांची (किती वीज साठते त्याचं हे माप), आणि एक बाहेर, खटका सरकवून हातानेच काढता येणारी. यंत्र चालू असताना बाहेरची काढून दुसरी लावली तरी ते बंद पडत नाही, कारण तेवढा वेळ आतली सांभाळते. बाहेरच्या बॅटरीचेही प्रकार आहेत: सपाट बसणारी 24 वॉट-तासांची आणि खाली फुगीर दिसणारी 72 वॉट-तासांची. आमच्याकडे मंगळवारी वीज जाते ती कधी कधी पाच-सहा तास येत नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला वीज गेली तर मुलांची काय अवस्था होते ते मी पाहिलं आहे. हे सांगितल्यावर अण्णाच म्हणाले, "मग पाचच घ्या, पण धड घ्या."

त्याच घराण्यातल्या टी 490 चा विचार का केला नाही, असं कुणी विचारेल. टी 490 मध्ये काही रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि वाढवायला एकच खाच. एक्स 280 मध्ये तर सगळीच डकवलेली. टी 480 ला दोन खाचा आहेत आणि झाकण काढलं की दोन्हींतली रॅम बदलता येते. टी 480 आणि टी 480 एस यांतही गोंधळ होतो. एस अक्षर लागलेल्या पातळ मॉडेलात बाहेरची बॅटरी नाही आणि रॅमची खाच एक. दुकानदार दोन्हींना "फोर एटी" म्हणतात, म्हणून यंत्र उलटं करून खालचं लेबल स्वतः वाचावं. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स असलेली यंत्रंही मी टाळली. आमच्या कामाला त्याचा उपयोग नाही आणि लिनक्सवर जुन्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची कटकट वेगळीच. इंटेलचं ग्राफिक्स आणि इंटेलचं वायफाय कार्ड, एवढं असलं की लिनक्सवर सगळं आपोआप चालू होतं.

जून उजाडला आणि मी पुण्याला निघाले. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे येण्याजाण्याचा खर्च फारसा झाला नाही. तो मी वाचनालयाला लावलाही नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि आजूबाजूला जुन्या लॅपटॉपची दुकानं आहेत. पाऊस, दुचाक्या, हातगाड्या, आणि वरच्या मजल्यांवर अरुंद जिन्यांनी चढून जायचं. वर गेलं की खोलीभर लॅपटॉपच्या थप्प्या. एकेका थप्पीवर कुठल्या कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाच्या चिकटपट्टीचे डाग. "हा खराडीचा लॉट, हा हिंजवडीचा," असं सांगतात. काही माल परदेशातून येतो. कीबोर्डवर पौंडाचं चिन्ह किंवा आपण न वापरणारी अक्षरं दिसली की तो कुठून आला याचा अंदाज येतो. तो वाईट असतो असं नाही, फक्त कीबोर्डाची रचना थोडी वेगळी असते. रोज टाइप करणाऱ्या मुलांसाठी मी तो नको म्हटला.

मी घरूनच एक नियम ठरवून गेले होते: माझी पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करू दिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. हा लेख वाचून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या. पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "ताई, आम्ही टेस्ट करूनच देतो. बाहेरची पेनड्राइव्ह चालत नाही, व्हायरस येतो." मी नमस्कार करून बाहेर पडले. दुसऱ्या एका ठिकाणी पेनड्राइव्हला हरकत नव्हती, पण एफ 1 दाबून बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जायला गेले तर पासवर्ड मागितला. दुकानदार म्हणाला, "त्याचं काही नाही, विंडोज तर चालू होतंय ना." थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड आतला सेल काढूनही जात नाही, आणि तो नसेल तर पेनड्राइव्हवरून सुरू करण्याचा क्रमसुद्धा आपल्या हातात राहत नाही. कितीही स्वस्त असलं तरी असं यंत्र घेऊ नये.

जिथे शेवटी व्यवहार झाला, तिथल्या दुकानदाराने मला टेबल दिलं, खुर्ची दिली आणि चहा मागवला. म्हणाले, "बघा ताई, सावकाश बघा. तुम्ही आत्ता बघितलंत तर मला नंतर फोन येणार नाहीत." त्यांच्याकडे टी 480 ची थप्पी होती.

तपासणी मी कशी केली ते क्रमाने सांगते. आधी यंत्र बंद ठेवून हातात घेतलं. झाकण एका हाताने उघडलं, बिजागरी कुरकुरते का पाहिलं, कडा पिळून चिरा पाहिल्या. मग एफ 1 दाबून बायॉस. तिथे अनुक्रमांक लेबलाशी जुळतो का, पासवर्ड नाही ना, आणि सुरक्षेच्या पानावर अॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची सोय कोणत्या स्थितीत आहे ते. कंपन्या चोरीला गेलेलं यंत्र शोधायला किंवा बंद पाडायला ही सोय वापरतात. ती आधीच्या मालकाच्या नावावर सक्रिय असेल तर यंत्र बाजूला ठेवायचं. "कायमचं बंद" असं दिसलं की निश्चिंत.

मग एफ 12 दाबून पेनड्राइव्ह निवडायची. (डेलवरही एफ 12, एचपीवर एफ 9.) दीड-दोन मिनिटांत मिंटचा पडदा येतो. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की वायफाय तपासून होतं. पडद्यावर पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, पूर्ण लाल चित्र लावून डाग आणि मेलेले ठिपके पाहायचे. पडद्याच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशन 1920 बाय 1080 आहे का ते बघायचं, कारण याच मॉडेलात 1366 बाय 768 चा फिकट पडदाही येतो आणि बंद यंत्रावर दोन्ही सारखेच दिसतात. बाजूने पाहिल्यावर रंग उलटे झाले तर तो फिकट पडदा. कीबोर्डाचं प्रत्येक बटण टेक्स्ट एडिटरमध्ये दाबून पाहायचं. कॅमेरा, माइक, स्पीकर, हेडफोनचं छिद्र, प्रत्येक यूएसबी. टी 480 चार्ज होतो तो सी-प्रकारच्या छिद्रातून, आणि अशी दोन छिद्रं आहेत. दोन्हींत चार्जर लावून, हलकेच हलवून पाहायचं. हे छिद्र ढिलं झालं असेल तर दुरुस्ती महाग पडते.

बॅटरीसाठी मिंटमध्ये पॉवर स्टॅटिस्टिक्स नावाचं छोटं साधन आहे. त्यात प्रत्येक बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसते. एका यंत्राच्या आतल्या बॅटरीची मूळ क्षमता 23.9 होती आणि आत्ताची 14.2 वॉट-तास, म्हणजे साठ टक्क्यांच्याही खाली. दुकानदाराने तो आकडा स्वतः वाकून पाहिला आणि काही न बोलता थप्पीतलं दुसरं यंत्र काढून दिलं. "बॅटरी चांगली आहे, दोन तास चालते" याला उत्तर देता येत नाही. आकड्याला देता येतं. डिस्कची प्रकृती पाहायला स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज लागतं. ते नसेल तर हॉटस्पॉटवरून लगेच टाकून घेता येतं. किती तास चालली, आयुष्यातलं किती टक्के वापरलं गेलं, हे ते सांगतं. निवडलेल्या पाचांपैकी एकाही डिस्कचा वापर पंधरा टक्क्यांच्या वर नव्हता.

या सगळ्याला एका यंत्रामागे वीस-पंचवीस मिनिटं लागतात. संकोच करू नये. संस्थेचे पैसे आहेत, आणि ज्याचा माल चांगला असतो तो आडकाठी करत नाही.

डेल घेणाऱ्यांसाठी एक सूचना. गोल पिनेच्या डेल चार्जरच्या मधोमध एक बारीक तार असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. नकली चार्जर असला तर सुरू होताना सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद चालतो. म्हणून दुकानातला कुठलाही चार्जर लावून तपासू नका. जो तुम्हाला मिळणार आहे तोच लावा.

भाव साडेएकोणीसवरून सुरू झाला आणि पाच घेतो म्हटल्यावर सतरा हजारांवर आला, करासह. दोन यंत्रांत 16 जीबी रॅम होती, तिघांत 8. जीएसटीबद्दलही सांगते, कारण खजिनदार काका यावरच अडले होते. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरायची मुभा कायद्यात आहे, त्यामुळे काही बिलांवर कराचा वेगळा रकाना दिसत नाही. ते बिल खोटं नसतं. पण बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, वाचनालयाचं पूर्ण नाव, प्रत्येक लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि "वापरलेला" हा उल्लेख पाहिजे. अनुक्रमांकाचा आग्रह आपल्याच भल्यासाठी आहे: तपासलेलं तेच यंत्र घरी येतं, आणि उद्या चोरीच्या मालाचा प्रश्न आलाच तर आपण कुठून घेतलं याचा पुरावा राहतो. वॉरंटीही बिलावरच लिहून घेतली: एक महिना बदलून, तीन महिने दुरुस्ती.

दुकानदाराला रोख किंवा यूपीआय हवं होतं, आम्हाला खात्यातूनच द्यायचं होतं. वाचनालयाच्या खात्याला दोन सह्या लागतात आणि जुलैच्या सुरुवातीला अण्णा वारीला गेलेले. ते परत येईपर्यंत थांबणं आलं. दुकानदाराने पाच यंत्रं आमच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पैसे पोचल्यावर अभ्यासिकेतली दोन मुलं माझ्याबरोबर आली आणि आम्ही पाच लॅपटॉप टॉवेलांत गुंडाळून, पिशव्यांत घालून एसटीनेच आणले.

घरी आल्यावर रात्रभर रॅमची तपासणी लावली. मेमटेस्ट हे साधन पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि दुकानात त्याला वेळ नसतो. एका यंत्राची रॅम सदोष निघाली. पडद्यावर लाल ओळी आल्या. फोटो पाठवला, आणि आठवडाभराने कुरिअरने दुसरी रॅम आली. तीन महिन्यांनी हे कळलं असतं तर मधूनच बंद पडणाऱ्या यंत्राचं कारण शोधत बसावं लागलं असतं.

लिनक्स मिंट 22.1 घातलं. याला 2029 पर्यंत अपडेट मिळतात. जुन्या मालकाची डिस्क पूर्ण पुसून मगच. एका यंत्रावर सगळं घालायला अर्धा तासही लागला नाही. त्यानंतर ज्या गोष्टी केल्या त्या वाचनालयासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत. पहिली, पाहुण्यांचं खातं. मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये ही सोय सुरू करता येते. मुलगी त्यात शिरते, आधार कार्ड, जातीचा दाखला, फोटो, सही सगळं पेनड्राइव्हवरून घेते, अर्ज भरते आणि बाहेर पडते. बाहेर पडताच त्या खात्यातलं सगळं पुसलं जातं. बाजारातल्या संगणकांच्या डेस्कटॉपवर शेकडो लोकांची कागदपत्रं पडून असतात. आमच्याकडे कुणाचं काही राहत नाही, याचं मला फार समाधान आहे. फक्त बाहेर पडण्याआधी अर्जाची पावती स्वतःकडे जतन करायची, अशी मोठी पाटी प्रत्येक टेबलावर लावली आहे.

दुसरी, मराठी. कीबोर्डाच्या यादीत मराठीचे दोन प्रकार मिळतात: इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार चालणारा. दोन्ही घातले, एका बटणाने बदलता येतात. नोटो आणि लोहित हे देवनागरी फाँट मोफत आहेत. मुलांनी दुसऱ्या दिवसापासून सराईतपणे वापरायला सुरुवात केली. तिसरी, टीएलपी नावाचं साधन. लॅपटॉप दिवसभर विजेला जोडलेले राहणार, म्हणून बॅटरी ऐंशी टक्क्यांवर चार्ज होणं थांबेल असं ठरवून दिलं. थिंकपॅडवर हे नीट चालतं आणि बॅटरी जास्त टिकते.

काय चाललं नाही तेही सांगायला हवं. बोटाचा ठसा घेणारी पट्टी लिनक्सवर आपोआप चालत नाही. आम्हाला ती नकोच होती. वाचनालयाचा जुना लेझर प्रिंटर नव्या यंत्रांवर काही केल्या नीट चालेना, त्यामुळे तो जुन्या डेस्कटॉपलाच ठेवला आणि मुलं पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन तिथे छापतात. श्रीलिपीतली (विंडोजवरच्या जुन्या मराठी फाँटमधली) वाचनालयाची जुनी पत्रंही त्याच डेस्कटॉपवर आहेत. त्याचं इंटरनेट काढून टाकलं आहे. तुमच्याकडे प्रिंटर घ्यायचा असेल तर लिनक्सला चालणारा बघूनच घ्या. एचपीचे बरेचसे प्रिंटर सरळ ओळखले जातात.

खर्च असा झाला. पाच लॅपटॉप 85,000. तिघांसाठी 8 जीबी रॅम, प्रत्येकी 1,600 प्रमाणे 4,800. दोन मोठ्या बाहेरच्या बॅटऱ्या 5,200. विजेचे बोर्ड 1,400, दोन पेनड्राइव्ह 700, टेबलाला बांधायच्या कुलपाच्या पाच तारा 2,250. एकूण 99,350. उरलेले 650 रुपये खात्यात आहेत. पाचही यंत्रं जडवस्तू नोंदवहीत अनुक्रमांकांसह चढवली, झाकणावर वाचनालयाचा क्रमांक रंगवला, आणि बिल, ठराव, दरपत्रकं, तुलनेचा तक्ता एका फायलीत लावून देणगीदारांना प्रत पाठवली.

12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, अभ्यासिकेत लॅपटॉप सुरू केले. पहिल्याच आठवड्यात "मॅडम, वर्ड कुठंय?" हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, लिब्रेऑफिस दाखवलं की तिथेच संपतो. जास्त मदत लागते ती फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आत बसवायला. त्यासाठी गिंपमध्ये (फोटोवर काम करायचं मोफत साधन) काय करायचं ते चित्रांसह लिहून भिंतीवर लावलं आहे, आणि आता जुनी मुलं नव्यांना शिकवतात. पुढच्या वर्षी पुस्तकांची यादी कोहामध्ये घालायचा विचार आहे; ती ग्रंथालयांसाठीची मुक्त स्रोत प्रणाली लिनक्सवरच चालते.

आत्ता कुणी खरेदीला निघणार असेल तर एक बदल लक्षात घ्या. डिसेंबरमध्ये शेजारच्या तालुक्यातल्या अभ्यासिकेसाठी मी पुन्हा चौकशी केली तेव्हा 8 जीबी रॅमचा भाव आम्ही दिला त्याच्या दुपटीवर गेला होता. म्हणून नंतर वाढवू असं म्हणू नका. हजार-दीड हजार जास्त गेले तरी 16 जीबी असलेलंच यंत्र निवडा, आणि दुकानातून निघण्याआधी दोन्ही खाचांत रॅम आहे का ते पेनड्राइव्हवरूनच बघून घ्या.